शरदात कोकण किनारी: गरी, शिकारीचा कायदा आणि वन्यजीवांच्या नोंदी

गणपती विसर्जन झाले, परतीचा पाऊस दोन-चार वेळा गडगडून गेला आणि भाताच्या लोंब्या पिवळ्या पडू लागल्या की कोकणच्या किनाऱ्यावर वर्षातला सर्वांत भरघोस काळ सुरू होतो. खाडीतला पावसाळी गढूळपणा खाली बसतो, खारे पाणी पुन्हा आतवर चढते, बांगडा-तारलीच्या झुंडी किनाऱ्याजवळ येतात आणि त्याच सुमारास उत्तरेकडून आलेले पाणपक्षी चिखलावर उतरतात. याच दिवसांत मुंबई-पुण्याहून गावी येणारे चाकरमानी आणि नवखे हौशी लोक तीन प्रश्न हमखास विचारतात: मासे गरवायला (गळाने धरायला) कुठे जावे, रानात शिकारीला जाता येईल का, आणि पक्षी-प्राण्यांच्या नोंदी करायच्या तर सुरुवात कशी करावी. तिन्ही प्रश्न एकाच लेखात घेण्याचे कारण असे की गरी टाकून खाडीकाठी तासन्‌तास बसणाऱ्या माणसाला जे दिसते, ते गाडीने येऊन तासाभरात परत जाणाऱ्या निरीक्षकाला क्वचितच दिसते. थोडी शिस्त लावून घेतली तर एकाच फेरीत दोन्ही कामे होतात.

१. प्रथम शिकारीचा प्रश्न निकालात काढावा

हौसेची शिकार भारतात कायदेशीर नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मधील कलम ९ ने ती बंद केली आहे, आणि ‘आमच्या स्वतःच्या मालकीच्या रानात’ किंवा ‘गावात पूर्वापार चालत आले आहे’ या सबबी तिथे चालत नाहीत. प्राणी मारणे एवढीच शिकार नव्हे. फासकी लावणे, जाळ्यात धरणे, विष घालणे, प्राण्याला हाकून आणणे, पक्ष्यांची अंडी किंवा घरटी मोडणे आणि यांपैकी कशाचाही नुसता प्रयत्न करणे हे सगळे शिकारीतच मोडते. त्यामुळे ‘मी फक्त हाक्याला गेलो होतो, बंदूक दुसऱ्याच्या हातात होती’ हा बचाव करण्याची वेळच आपल्यावर येऊ देऊ नये.

२०२२ च्या दुरुस्तीने अधिनियमातल्या अनुसूचींची (संरक्षित जीवांच्या याद्यांची) फेरमांडणी झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद व किमान २५,००० रुपये दंड आहे. इतर बहुतेक गुन्ह्यांना तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. बिबट्या आणि खवले मांजर पहिल्या अनुसूचीत आहेत. कोकणात ज्याच्या मागे सर्वाधिक लोक लागतात तो रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. म्हणजे तोही संरक्षितच आहे.

नवखा माणूस सापडतो तो सहसा दोन ठिकाणी. पहिले, ओळखीच्या घरी रात्री आग्रहाने वाढलेले डुकराचे किंवा भेकराचे मटण: ते जवळ बाळगणे आणि त्याची देवाणघेवाण करणे हाही गुन्हा आहे, म्हणून ‘चव तरी घ्या’ म्हटले तरी नम्रपणे नको म्हणावे. दुसरे, बंदुकीचा परवाना. पीक संरक्षणासाठी दिलेल्या परवान्यावर घरात ठासणीची किंवा अन्य बंदूक ठेवता येते, पण त्या परवान्याने वन्यप्राणी मारण्याची परवानगी मिळत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गावात त्या एकच समजल्या जातात. छर्‍याच्या बंदुकीने कवडे किंवा हारील पाडणे हीदेखील शिकारच आहे, मग ती बंदूक घ्यायला परवाना लागो वा न लागो.

२. भरती-ओहोटीचे गणित शिकून घ्यावे

गरी आणि निरीक्षण या दोन्ही कामांना उपयोगी पडणारे एकच साधन निवडायचे झाले तर मी भरतीचे वेळापत्रक निवडेन. मोबाइलवर ते सहज मिळते, पण किनाऱ्यावरची जुनी रीत शिकून घेतलेली बरी, कारण ती रेंज नसतानाही चालते. तिथीच्या आकड्याला तीनने गुणून चारने भागले की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे. तीच भरती सुमारे साडेबारा तासांनी पुन्हा येते, आणि दोन भरत्यांच्या मधोमध ओहोटीचा तळ असतो. हा ठोकताळा आहे. बंदराप्रमाणे त्यात पाऊण-एक तासाचा फरक पडतो, तेवढा तिथल्या एखाद्या खलाशाला विचारून ठरवून घ्यावा.

पौर्णिमा-अमावास्येच्या पुढच्या एक-दोन दिवसांत उधाण असते. पाणी खूप चढते, खूप उतरते आणि मध्ये जोरात वाहते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाण्याची हालचाल मंद असते. भरतीची उंचीही किनाऱ्यावर सर्वत्र सारखी नसते. मुंबईला उधाणाची भरती साडेचार-पाच मीटरपर्यंत जाते, तर दक्षिणेला मालवणकडे ती याहून बरीच कमी असते. म्हणून रायगडात शिकलेला अंदाज सिंधुदुर्गात जसाच्या तसा लावू नये. आणखी एक बाब सहज सुटते: खाडीच्या मुखाशी भरती पूर्ण झाली तरी पाणी आतवर पोहोचायला वेळ लागतो. दाभोळला भरती लागल्यावर वाशिष्ठीच्या पात्रातून ती गोवळकोटपर्यंत चढते. तेवढा उशीर धरूनच जागा आणि वेळ ठरवावी.

मासा खायला लागतो तो पाणी हलत असताना. माझा अनुभव असा की खाडीच्या मुखाशी भरतीचा शेवटचा तास-दीड तास आणि सुकती (ओहोटी) लागल्यानंतरचा पहिला तास हा काळ सर्वांत चांगला. पाणी थबकलेले असताना गरी टाकून बसणे म्हणजे वेळेचा अपव्यय. तो वेळ पक्षी मोजायला द्यावा. कसा, ते पुढे सहाव्या भागात येईल.

३. हवामान गृहीत धरू नये

शरदात आकाश निळे आणि सकाळ शांत असते, म्हणून नवख्याला समुद्र बसला असे वाटते. प्रत्यक्षात ऑक्टोबरच्या दुपारी डोंगरावरून ढग चढून संध्याकाळी विजांसह पाऊस येणे हा परतीच्या पावसाचा नेहमीचाच क्रम आहे. उघड्या कातळावर किंवा वाळूवर हातात लांब काठी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला विजेचा धोका सर्वांत जास्त असतो. कार्बनची काठी असेल तर विशेषच. पहिला गडगडाट ऐकू येताच काठी आडवी करून बाजूला ठेवावी आणि पक्क्या घराचा किंवा गाडीचा आसरा घ्यावा. ‘अजून लांब आहे’ असे म्हणत थांबू नये.

अरबी समुद्रातल्या वादळांचा दुसरा मोसमही हाच. नोव्हेंबर २००९ मधील फयान कोकणातल्या मच्छीमार घरांना अजून आठवते, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार दूर समुद्रात असूनही शेकडो नौका आसऱ्यासाठी देवगडसारख्या बंदरांत येऊन थांबल्या होत्या. निघण्यापूर्वी भारतीय हवामान विभागाचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा अंदाज पाहावा. बंदरावर धोक्याचा बावटा चढलेला असेल तर होडीतून जाण्याचा विषय तिथेच संपवावा. समुद्रात अडचण आल्यास तटरक्षक दलाचा आपत्कालीन क्रमांक १५५४ आहे. तो मोबाइलमध्ये आधीच साठवून ठेवावा.

४. जागा निवडावी, आणि ती कोणाची आहे ते विचारावे

किनाऱ्यावर उभे राहून गरी टाकणाऱ्याला कोकणात सहसा कोणी हटकत नाही. मात्र प्रत्येक जागा मोकळी असते असे नाही. खाडीत डोल जाळ्याचे (प्रवाहात बांधून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्याचे) खुंट ज्या ओळीत असतात तिथे पिढ्यान्‌पिढ्यांचे हक्क असतात, आणि आपली तंगूस (गरीची नायलॉनची दोरी) त्या जाळ्यात अडकली तर दुसऱ्याच्या पोटावर पाय येतो. रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) लागली असेल त्या पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) गरी टाकू नये. उलट रापणीच्या दोरीला हात लावावा. ओढायला मदत करणाऱ्याला वाट्यातले मासे देण्याची रीत अनेक गावांत अजून आहे, आणि कोणत्या पाण्यात काय मिळते हे त्या तासाभरात जितके कळते तितके दुसरीकडे कुठेच कळत नाही.

नवख्यांसाठी खाडीचे मुख सर्वांत सोपे: आंजर्ले, जयगड, भाट्ये, पूर्णगड, विजयदुर्ग, आचरा, कर्ली. पावसाळ्यात खाडीच्या उथळ पाण्यात वाढलेली कोळंबी या दिवसांत समुद्राकडे उतरते, आणि तिच्या मागावर तांबोशी व चोणक मुखाशी थांबतात. रायगडात चोणकालाच जिताडा म्हणतात. शेवटे आणि काळुंदर आतल्या शांत पाण्यात मिळतात, पालू खडकाळ काठाला. खडकावरून गरवायचे असेल तर आधी अर्धा तास लांब उभे राहून लाटा पाहाव्यात. जो खडक वरपर्यंत ओला दिसतो, तिथे लाट पोहोचते, मग आत्ता समुद्र कितीही शांत दिसो.

वाशिष्ठी आणि सावित्री या दोन नद्यांविषयी वेगळे सांगायला हवे. दोन्हींत मगरी आहेत. ओहोटीच्या वेळी चिखलाच्या उतारावर त्या ऊन खात पडलेल्या दिसतात, आणि पाऊस सरल्यावर हे दृश्य वाढत जाते. अशा ठिकाणी पाण्याच्या कडेला उकिडवे बसून मासे साफ करू नयेत, आमिषाचा कचरा तिथे टाकू नये आणि गुडघाभर पाण्यात उभे राहून तर मुळीच गरवू नये. होडीतून पाहायचे असल्यास इंजिन मंद ठेवून अंतर राखावे.

बंदी असलेल्या किंवा परवानगी लागणाऱ्या जागा अशा. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे पाणी त्यात येते. समुद्रावर हद्दीची रेघ दिसत नाही, त्यामुळे होडीवाल्याने ‘इथे चालते’ म्हटले तरी वनखात्याकडून खात्री करून घ्यावी. फणसाड आणि कर्नाळा या अभयारण्यांत प्रवेशाचे स्वतंत्र नियम आहेत. धरणे आणि तलाव यांतील मासेमारीचा हक्क सहसा एखाद्या मच्छीमार सहकारी संस्थेला ठेक्याने दिलेला असतो. संस्थेची परवानगी न घेता तिथे गरी टाकली तर भांडण ओढवून घ्याल. बंदरातल्या आणि फेरीबोटीच्या जेट्टीवर तिथल्या कर्मचाऱ्याला विचारूनच उभे राहावे.

५. साहित्य, आणि गरीवर आलेल्या माशाचे काय करावे

सुरुवातीला महाग काठी घेऊ नये. खाऱ्या हवेत आणि वाळूत पहिल्याच मोसमात तिचे हाल होतात. पुढील साहित्य पुरते:

- सात ते नऊ फुटांची मध्यम ताकदीची काठी आणि खाऱ्या पाण्याला टिकणारे साधे रीळ
- ०.३५ ते ०.४० मिलिमीटर जाडीची तंगूस, मध्यम आकाराच्या गऱ्या, वेगवेगळ्या वजनाची शिशे
- लांब चोचीची पक्कड, छोटी पट्टी, कात्री आणि ओले फडके
- घट्ट बसणारे, तळाला पकड असलेले बूट, चपला नकोत
- हेडलॅम्प, पिण्याचे पाणी, प्रथमोपचार पेटी, आणि कचरा व तुटलेली तंगूस परत आणण्यासाठी पिशवी

आमिष शक्य तेवढे त्याच पाण्यातले असावे. जिवंत कोळंबी मिळाली तर उत्तम. ती शेपटीच्या शेवटच्या पेरातून टोचावी, म्हणजे ती हलत राहते. नाहीतर मुळ्यांचे (शिंपल्यांचे) मांस किंवा बांगड्याची पट्टी चालते. काठीचे टोक सतत बारीक थरथरत असेल आणि ओढ मात्र लागत नसेल, तर तळाशी खेकडे आमिष कुरतडत आहेत असे समजावे. तेव्हा वाट पाहण्यात अर्थ नसतो. शिसे थोडे हलके करून आमिष तळापासून वर उचलावे किंवा जागा दहा-पंधरा पावले बदलावी. तांबोशी लागते तेव्हा असला संशय राहत नाही: टोक एकदम वाकते आणि ती थेट खडकाकडे धाव घेते. त्या पहिल्या धावेत तिला वळवले नाही तर तंगूस खडकाला घासून तुटते.

शेंगाळा गरीवर आला की नवखा त्याला सवयीने मुठीत धरतो. त्याच्या पाठीवर एक आणि दोन बाजूंना एकेक असे तीन करवती काटे असतात, आणि पाखटाच्या शेपटीवरही तसाच विषारी काटा असतो. गरी पकडीनेच काढावी. जमत नसेल तर तंगूस कापावी. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावी. या विषाची आग उष्णतेने उतरते. मग दवाखान्यात जावे, कारण काट्याचा तुकडा आत राहिला तर जखम चिघळते. फुगणारा केंड खाण्यासाठी ठेवू नये. त्याचे विष शिजवून जात नाही.

लहान मासा परत सोडण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला आहे; मत्स्यव्यवसाय विभागाच्या स्थानिक कार्यालयात तो तक्ता मिळू शकतो. त्याची छापील प्रत साहित्याच्या डब्यात ठेवावी. त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा घोषित केले गेले, आणि त्यामागचे कारणही लहान पापलेटच्या बेसुमार मासेमारीशी जोडलेले आहे. सोडायचा मासा कोरड्या हाताने किंवा कोरड्या फडक्याने धरू नये, अंगावरचा चिकट थर निघतो. खेकडी उलटी करून पाहावी: पोटाखालच्या झडपेत नारिंगी ते काळपट अंड्यांचा गोळा दिसला तर ती जिथून आली तिथेच सोडावी.

होडीतून जायचे असेल तर आपल्या हौसेसाठी नवीन होडी घेण्याच्या भानगडीत पडू नये. मासेमारी नौकेला नोंदणी, परवाना आणि सुरक्षेची साधने लागतात, आणि महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ खाली कारवाई होते ती कागद अपुरे असणाऱ्यांवर आधी. नोंदणीकृत होडी चालवणाऱ्या स्थानिकाबरोबर जावे, लाइफ जॅकेट अंगात घालूनच बसावे आणि स्वतःचे ओळखपत्र जवळ ठेवावे; सागरी पोलीस ते मागतात. १ जून ते ३१ जुलै ही यांत्रिक नौकांची पावसाळी बंदी शरदात संपलेली असते, पण एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी कायम असते. रात्री प्रखर दिवे लावून जाणाऱ्या नौकेवर पाहुणा म्हणूनही चढू नये.

६. नोंदी कशा कराव्यात

भरती चढू लागली की चिखलावर विखुरलेले चिखले आणि तुतवार हे पाणपक्षी हळूहळू मागे सरकतात आणि शेवटी उरलेल्या कोरड्या पट्ट्यावर दाटीने उभे राहतात. मोजणीची हीच वेळ. ओहोटीला तेच पक्षी अर्ध्या मैलाच्या चिखलावर पसरलेले असतात आणि निम्मे नजरेतून सुटतात. प्रथम दहा पक्षी नीट मोजून त्यांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत भरून घ्यावे, मग तेवढ्या-तेवढ्या जागेचे गट करीत थव्याच्या टोकापर्यंत जावे. ‘खूप कुरव’ अशी नोंद कोणाच्याच कामाची नसते; ‘अंदाजे १४०’ ही असते.

वहीत पुढील गोष्टी दर वेळी त्याच क्रमाने लिहाव्यात: तारीख, जागेचे नाव, सुरू आणि बंद करण्याची वेळ, चाललेले अंतर, भरतीची स्थिती, हवा, आणि मग प्रजाती व संख्या. घरी येऊन ती यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवावी. तिथे ‘ओळखलेले सर्व पक्षी नोंदवले का’ असे विचारतात. कावळे-घारी गाळून फक्त दुर्मीळ पक्षी लिहिले असतील तर ‘नाही’ असे प्रामाणिकपणे लिहावे. पक्षी सोडून इतर जीवांसाठी आय-नॅचरलिस्ट हे तसेच संकेतस्थळ चांगले. ऑक्टोबरमध्ये जगभर एका दिवसाची पक्षीगणना होते आणि जानेवारीत १९८७ पासून चालत आलेली आशियाई पाणपक्षी गणना. ज्या जागेवर शरदात हात बसवला, तिथेच जानेवारीत मोजणी करावी, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडता येतात.

नवख्याने दहा ठिकाणी एकेकदा जाण्यापेक्षा एकाच ठिकाणी पंधरवड्यातून एकदा, शक्यतो त्याच तिथीला जावे. तिथी तीच म्हणजे भरतीची वेळही जवळपास तीच, आणि मग पक्षी वाढले की कमी झाले हे पाण्याचा घोळ न होता कळते. शून्यही लिहावे. गेल्या खेपेला असलेला पक्षी आज दिसला नाही, ही माहिती आहे.

पक्ष्यांपलीकडे पाहण्यासारखे पुष्कळ असते. खाडीकाठच्या एखाद्या ठराविक दगडावर माशांचे खवले आणि खेकड्यांच्या कवचाचे तुकडे मिसळलेली, उग्र वासाची विष्ठा दिसली तर तिथे पाणमांजर येते. जवळच्या ओल्या चिखलात पाच बोटांचे, पडद्याच्या पुसट खुणा असलेले ठसे शोधावेत, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढावा. उंच सुरूवर किंवा जुन्या आंब्यावर काटक्यांचा भला मोठा ढीग असेल आणि खाली माशांची हाडे व समुद्रसापांचे अवशेष पडलेले असतील, तर ते समुद्री गरुडाचे घरटे. ही जोडी वर्षानुवर्षे तेच घरटे डागडुजी करून वापरते, आणि तिचे काम याच मोसमात सुरू होते. झाडाखाली थांबू नये, ड्रोन तर अजिबात उडवू नये.

घरटे, खवले मांजराचे बीळ आणि पाणमांजराची गुहा यांची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नये. फोटोतही जागेची माहिती दडलेली असते, ती काढून मगच फोटो पाठवावा. या एका बाबतीत मी कोणाचीही भीड ठेवत नाही: चोरटे शिकारीही समाजमाध्यमांवरचे निरीक्षकांचे गट वाचतात.

सड्यावर (कातळाच्या माळावर) फिरताना दगड उचलून पाहण्याचा मोह टाळावा. फुरसे कातळावरच्या सैल दगडांखाली असते, आणि ऑक्टोबरच्या उन्हात ते संध्याकाळनंतर बाहेर पडते. पायाला जखम असेल तर भाताच्या साचलेल्या पाण्यातून चालू नये. लेप्टो या तापाचा धोका पावसाबरोबर लगेच संपत नाही. ताप आल्यास डॉक्टरांना शेतात-खाडीत फिरल्याचे आवर्जून सांगावे.

७. किनाऱ्यावर काही सापडले तर

वनखात्याची मदतवाहिनी १९२६ ही आहे. जिवंत कासव वाळूवर पडलेले दिसले की लोक त्याला आधी पाण्यात ढकलतात. बहुतेक वेळा ते थकलेले, जखमी किंवा जाळ्यात गुदमरलेले असते, आणि पाण्यात गेले की बुडते. त्याला सावलीत ठेवावे, पाठीवर ओले फडके घालावे, नाकपुड्या मोकळ्या ठेवाव्यात, कुत्री दूर ठेवावीत आणि वनखात्याची माणसे येईपर्यंत थांबावे. डॉल्फिनला शेपटीला किंवा परांना धरून ओढू नये. डोक्यावरच्या श्वासाच्या छिद्रात पाणी-वाळू जाऊ देऊ नये. मेलेला प्राणी असेल तर लांबी, जखमा आणि जागा यांचे फोटो काढावेत आणि पंचनाम्याआधी पुरू नये.

कासवाच्या परावर धातूची पट्टी असेल तर तिच्यावरचा आकडा स्पष्ट दिसेल असा फोटो घ्यावा. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये ०३२३३ क्रमांकाची पट्टी लावलेली ऑलिव्ह रिडले मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली. पूर्व किनाऱ्यावरची कासवे पश्चिमेलाही घरटे करतात हे असे एका आकड्यावरून कळले. विणीचा हंगाम नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतो. वेळास, आंजर्ले, गुहागर भागात पहाटे पुळणीवर फिरताना ट्रॅक्टरच्या चाकोरीसारखी खूण समुद्रातून वर आलेली दिसली तर ती तुडवू नये, स्थानिक कासवमित्राला कळवावे.

जाळ्यात संरक्षित जीव सापडणाऱ्या मच्छीमारांसाठी डिसेंबर २०१८ पासून राज्यात भरपाईची योजना आहे. कासव, व्हेल शार्क, डॉल्फिन असे जीव जाळे कापून जिवंत सोडले तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत रक्कम मिळते. आपण नौकेवर पाहुणे असाल तर मोबाइलवर सोडतानाचे चित्रण करून देणे ही मोठी मदत ठरते, कारण दाव्याला तोच पुरावा लागतो. सोबत नौकेची नोंदणी, परवाना आणि बँकेचा तपशील द्यावा लागतो.

पुळणीवर मेणासारखा राखाडी, वासाचा गोळा सापडला आणि कोणी ‘ही व्हेलची उलटी, कोटींना जाईल’ म्हणाले, तर तो घरी नेऊ नये, विकण्याची चौकशी तर नाहीच. स्पर्म व्हेल पहिल्या अनुसूचीत आहे, आणि कोकणात या गोळ्यापायी कित्येकांना अटक झाली आहे. प्रवाळ, समुद्री घोडा, समुद्री काकडी आणि संरक्षित शंख यांनाही हाच नियम लागू आहे. वाळलेले असले तरी.

८. शेत असेल आणि डुकरे-वानरे येत असतील तर

गावी थोडी शेती असलेल्या वाचकांचा हा खरा त्रास आहे आणि तो थट्टेवारी नेण्याचे कारण नाही. कापणीला आलेले भात एका रात्रीत लोळवले जाते. तरीही गावठी बॉम्ब, विजेची उघडी तार आणि फासकी या तिन्ही गोष्टी टाळाव्यात. फासकीत डुकराऐवजी बिबट्या अडकतो, तारेला शेजारी चिकटतो, आणि दोन्हींचा जाब आपल्यालाच द्यावा लागतो. पिकाला किंवा जिवाला धोका असेल तर कलम ११ खाली प्राधिकृत वनाधिकारी कारणे नमूद करून लेखी आदेश देऊ शकतो. तसा कागद हातात नसताना कोणी तोंडी ‘परवानगी आहे’ म्हणाले तर विश्वास ठेवू नये. अशा आदेशाने मारलेला प्राणीही सरकारची मालमत्ता असतो.

भरपाईसाठी नुकसान दिसताच त्याच दिवशी वनरक्षकाला किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयाला कळवावे आणि अर्जाची पोच घ्यावी. लागणारे कागद: सातबारा व आठ-अ, आधार, बँक पासबुकाची प्रत, आणि नुकसानीचे तारखेसह फोटो. फोटोत नुसते पडलेले भात नको. बांधावरचे ठसे, उकरलेली माती आणि ओळखू येईल असे एखादे झाड किंवा घर त्यात असावे. जमीन सामाईक असेल तर इतर हिस्सेदारांचे संमतिपत्र आधीच करून ठेवावे, कारण कोकणातले बहुतेक अर्ज अडतात ते डुकरामुळे नव्हे, सातबाऱ्यावरच्या नावांमुळे. पंचनामा होईपर्यंत ती चोंढी (भाताचा तो तुकडा) कापू नये.